सुटकेनंतरचे पहिले दिवस : तुरुंग, एचआयव्ही आणि सोबतीच्या माणसाचा इतिहास



विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आम्ही बुलढाण्यातल्याच एका संध्याकाळपासून करणार आहोत. ही कुणा एका माणसाची गोष्ट नाही. अनेकांच्या बाबतीत असं घडतं, म्हणून 'समजा' म्हणून सांगतो.

समजा, नांदुऱ्याकडचा एक तिशीतला तरुण आहे. ट्रकवर क्लीनर म्हणून जायचा. मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली आणि आठ महिने न्यायाधीन बंदी म्हणून कारागृहात राहिला. एके दिवशी दुपारी कोर्टात जामीन मंजूर झाला. जामीनदाराचे कागद, सही-शिक्का, आदेश कारागृहात पोहोचणे यात वेळ गेला. दिवेलागणीला तो फाटकाबाहेर आला. हातात एक पिशवी, तिच्यात दोन कपडे आणि पुढची तारीख लिहिलेला कागद. घरून कोणी आले नाही, कारण घरी कळवायला सवडच मिळाली नाही. बुलढाण्याला रेल्वे नाही, हे तुम्हाला सांगायला नको. चालत एसटी स्टँडवर जायचे आणि मलकापूरची नाहीतर खामगावची गाडी मिळाली तर धरायची. नाही मिळाली तर रात्र स्टँडवर.

आत असताना त्याची एचआयव्हीची तपासणी झाली होती. अहवाल निगेटिव्ह आला. समुपदेशकांनी सांगितले होते, तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या, काळजी घ्या. त्याने मान हलवली होती. आता तो बाहेर आहे, आणि त्याच्या डोक्यात वकिलाचे पैसे, घरची नाराजी, गेलेले काम हे सगळे एकदम आहे. महिनाभरात तो पुन्हा हायवेवर असेल. जुने मित्र, जुने ढाबे, जुनी सोबत.

आता बघा, हा माणूस पॉझिटिव्ह असता तर एआरटी केंद्राच्या नोंदवहीत त्याचे नाव असते. औषध न्यायला आला नाही, तर निदान एखादा फोन तरी झाला असता. पण तो निगेटिव्ह आहे. त्याचे नाव कुठल्याच वहीत नाही. त्याला एचआयव्ही होऊ नये म्हणून त्याला कोण शोधणार?

आजचं व्याख्यान एवढ्याच प्रश्नावर आहे. प्रश्न आरोग्य खात्याचा वाटतो, पण तो का सुटत नाही हे समजायचं तर मागे जावं लागतं. कारण यात दोन जुन्या गोष्टी आडव्या येतात. एक तुरुंगाचं फाटक, आणि दुसरी यादी.

आधी यादीचे बोलू. आपल्याकडे साथ आणि सरकार यांची पहिली मोठी गाठ पडली १८९६-९७ च्या मुंबईच्या प्लेगमध्ये. १८९७ सालचा साथरोग कायदा त्याच वेळचा. घरोघरी तपासणी, संशयितांना उचलून छावणीत नेणे, सामानाची जाळपोळ. पुण्यात त्यातून काय घडले हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण त्याच वर्षी मुंबईत आणखी एक गोष्ट झाली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, आधी स्वतःला टोचून घेतली, आणि मग ती भायखळ्याच्या तुरुंगात, स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांवर तपासली. लस टोचलेले किती आजारी पडले, न टोचलेले किती, याचा हिशेब तुरुंगात नीट ठेवता आला. का ठेवता आला? कारण तुरुंगात माणूस मोजलेला असतो. सकाळची गणती, संध्याकाळची गणती. रोगाच्या अभ्यासाला याहून सोयीची जागा नाही.

पण मोजणी फाटकापर्यंतच. फाटकाबाहेर पडलेल्या माणसाचा हिशेब तुरुंगाने ठेवायचा नसतो. आरोग्याच्या बाबतीत हा नियम शंभर-सव्वाशे वर्षे जवळजवळ तसाच चालत आला.

आणि बाहेर जिथे हिशेब ठेवला गेला, तिथे तो भल्यासाठी नव्हता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. महाराष्ट्रातल्या पारध्यांसह कितीतरी भटक्या समाजांची नावे नोंदली गेली. नाव वहीत चढले की हजेरी आली. गाव सोडायचे तर पास, दुसऱ्या गावी पोचलात की पुन्हा हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे समाज 'विमुक्त' झाले, कायदा गेला. पण 'तुझं नाव आमच्याकडे लिहून ठेवतो' हे वाक्य आजही पालावर कोणी बोलले तर लोक सावध होतात. ती सावधगिरी अडाणीपणा नाही. ती अनुभवातून आलेली आहे.

म्हणजे कोंडी अशी आहे, की यादी नसेल तर माणसाला सेवा मिळत नाही आणि यादी असेल तर माणूस पकडला जातो, निदान त्याला तसे वाटते. एचआयव्हीच्या इतिहासात ही कोंडी फार लवकर, फार उघडपणे समोर आली.

भारतात एचआयव्हीचे निदान पहिल्यांदा १९८६ साली झाले. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तनमुन्यांमधून. त्यानंतरची दोन-तीन वर्षे भीतीची होती. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एक तरतूद घालण्यात आली, की एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला सरकारने वेगळे ठेवावे. १९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यातला डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण त्या तरतुदीत सापडला. गुन्हा काय? तो नियमित रक्तदान करायचा. दान केलेल्या रक्तात विषाणू सापडला. पोलीस ठाण्यात बोलावणे आले, तिथून रुग्णालय, आणि तिथून बंद पडलेल्या क्षयरोग आरोग्यधामात त्याला पहाऱ्यात ठेवले. काय झाले आहे हे आधी त्याला धड सांगितलेही नव्हते. चौसष्ट दिवस तो तिथे होता. आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात दाद मागितली, आनंद ग्रोव्हर आणि इंदिरा जयसिंग यांनी खटला चालवला. डॉमिनिक घरी आला, पण न्यायालयाने ती तरतूद मात्र घटनाबाह्य ठरवली नाही. सार्वजनिक हित मोठे, असा त्या निकालाचा सूर होता. पुढे कायद्यात बदल होऊन ती सक्ती सैल झाली.

इथे आम्हाला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. डॉमिनिक सुटल्यावर काय झालं? त्याने दुसऱ्यांसाठी काम सुरू केलं. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. म्हणजे आपल्या भागात एचआयव्हीमुळे कोंडला गेलेला माणूसच बाहेर येऊन, तसंच काही सोसणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसला. आज आपण ज्याला 'पिअर' म्हणतो, तो हाच.

दुसरी घटना १९९० ची. मुंबईच्या वेश्यावस्तीतून सोडवलेल्या शेकडो तमिळ स्त्रियांना रेल्वेने मद्रासला नेण्यात आले. तिथे त्यांना सुधारगृहात ठेवले, रक्त तपासले, आणि ज्यांचा अहवाल पॉझिटिव्ह आला त्यांना सोडेनात. मुदत संपली तरी सोडेनात. शेवटी श्यामला नटराज या पत्रकार महिलेने उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा सुटका झाली. रोग आहे म्हणून फाटक उघडायचे नाही, ही गोष्ट त्या काळी इतकी सहज होती.

आणि तिसरी घटना तिहारची. १९९४ मध्ये दिल्लीतल्या 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटाने मागणी केली, की तिहार तुरुंगात निरोध उपलब्ध करून द्या. तुरुंग प्रशासनाने नकार दिला. तुरुंगात पुरुषांचे पुरुषांशी संबंध येत नाहीत, आणि येत असतील तर तो कलम ३७७ खाली गुन्हा आहे, मग निरोध द्यायचे म्हणजे गुन्ह्याला मदत, असा तो युक्तिवाद. गटाने कलम ३७७ लाच न्यायालयात आव्हान दिले. तो अर्ज रेंगाळला आणि २००१ मध्ये निकालात निघाला. कलमाचा तो भाग रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडले. पण निरोधाचा विषय आजही आपल्या तुरुंगांत मोकळेपणाने बोलला जात नाही. म्हणून आम्ही म्हणतो, की आत प्रतिबंधाला मर्यादा आहेत, तर सुटकेच्या दिवसाची किंमत आणखी वाढते.

आता फाटकाच्या दुसऱ्या बाजूचा इतिहास पाहू. सुटलेल्या माणसाचा विचार आपल्याकडे कधी झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने, म्हणजे कार्ड्यू समितीने, कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट मानले. सुटलेल्या कैद्यांना मदत करणारी मंडळे मुंबई इलाख्यात होती. आपल्या सरकारी मराठीत या कामाला फार चांगला शब्द आहे, 'अनुरक्षण'. मागून जाऊन जपणे. परिवीक्षा आणि अनुरक्षण हे शब्द जोडीने येतात. परिवीक्षा अधिकारी जिल्ह्यात असतात, पण त्यांच्यावर कामांचा बोजा किती असतो ते इथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे.

आणि महाराष्ट्राला एक उदाहरण असे आहे, की त्याचा अभिमान वाटावा. १९३९ साली औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. पंतप्रतिनिधींचे संस्थान, आणि कल्पनेमागे मॉरिस फ्रिडमन हा पोलंडमधून आलेला इंजिनिअर. भिंत नाही. कैदी शेती करतात, बायकामुले सोबत राहतात. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला. स्वतंत्रपूरने काय दाखवून दिले? सुटका ही एका संध्याकाळी घडणारी गोष्ट नाही, ती हळूहळू, माणसांच्या सोबतीने व्हावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, कैद्याने कैद्याला सांभाळायचं हे तर इंग्रजांनीही केलं होतं. बरोबर आहे. कैद्यांमधलेच वॉर्डर नेमायची पद्धत होती. जुन्या कैद्याच्या हातात अधिकार द्यायचा आणि नव्यावर नजर ठेवायला लावायचं. त्यातून काय जुलूम झाले ते अंदमानच्या आठवणींत वाचायला मिळतात. म्हणून फरक नीट समजून घेऊ. वॉर्डर हा प्रशासनाचा डोळा होता. पिअर हा बंद्याचा सोबती असतो. वॉर्डरकडे काठी असायची, पिअरकडे फक्त स्वतःचा अनुभव. ज्या दिवशी पिअर वरच्या साहेबाला नावे सांगायला लागेल, त्या दिवशी तो वॉर्डर झाला असे समजा.

ही पिअरची पद्धत एचआयव्हीच्या कामात आली ती पुस्तकातून नाही. १९९२ साली कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून सोबत घेतले. त्याच वर्षी आपल्या सांगलीत मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने काम सुरू केले. डॉक्टर सांगत होते, नर्सबाई सांगत होत्या, पण बायका ऐकत नव्हत्या. कारण सांगणाऱ्याच्या डोळ्यांत त्यांना आपल्याबद्दलचे मत दिसायचे. मग निरोध वाटपाचे काम त्या बायकांनीच हातात घेतले. गिऱ्हाईक नाही म्हणाला तर काय करायचे, मारहाण झाली तर कुणाला बोलवायचे, हे त्या एकमेकींना सांगू लागल्या. १९९६ मध्ये त्यातूनच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजे 'व्हॅम्प', उभी राहिली. सांगलीपासून निपाणीपर्यंत, सीमेच्या दोन्ही बाजूंना. सांगलीने शिकवलेली गोष्ट सोपी आहे. ज्या माणसाला समाजाने बाजूला टाकले आहे, त्याला बाजूला टाकलेला माणूसच आधी भेटू शकतो. डॉक्टर लागतोच, पण तो दुसऱ्या पावलाला.

यानंतरचा सरकारी इतिहास पटकन सांगतो. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, नॅको, झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी औषधे द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून निदान झाले की लगेच औषध, हे धोरण आले. त्याच वर्षी एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय माहिती उघड करायची नाही, आणि राज्याच्या ताब्यात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार यांचा हक्क आहे, असे हा कायदा म्हणतो. डॉमिनिकच्या चौसष्ट दिवसांपासून इथवर यायला एकोणतीस वर्षे लागली.

कारागृहांसाठी नॅकोची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे २०१८ च्या सुमाराची. तपासणी, क्षयरोगाची छाननी, बंद्यांमधून पिअर स्वयंसेवक, हे सगळे त्यात आले. ते आवश्यकच होते. अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीत बंद्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आढळले, तर देशातल्या सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे जवळपास दहापट. यावरून तुरुंगातले लोक वाईट, असा अर्थ काढू नका. गरिबी, स्थलांतर, नशा, हायवेवरचे काम, या ज्या वाटा माणसाला तुरुंगाकडे नेतात, त्याच वाटांवर एचआयव्हीही भेटतो, इतकाच त्याचा अर्थ.

पण गणित उलटेही मांडून बघा. शंभरातले दोन पॉझिटिव्ह, म्हणजे अठ्ठ्याण्णव निगेटिव्ह. धोक्याच्या वाटेवर उभे असलेले अठ्ठ्याण्णव. आपल्या सगळ्या कार्यक्रमाची नजर इतकी वर्षे त्या दोघांवर होती. ते योग्यच होते, कारण त्यांचा जीव त्यावर अवलंबून होता. पण प्रतिबंध म्हणजे या अठ्ठ्याण्णवांचे काम. निगेटिव्ह अहवाल हे काही कायमचे प्रमाणपत्र नव्हे. ती त्या दिवसापुरती, खरे तर त्याच्या काही आठवडे आधीपर्यंतची, खबर असते.

हातात साधने किती आहेत पाहा. निरोध आहेच. गुप्तरोगांवर मोफत उपचार आहेत, आणि गुप्तरोग बरा झाला की एचआयव्हीचा धोका घटतो. धोक्याचा प्रसंग घडून गेला तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचे औषध आहे. आणि धोका वारंवार असेल तर आधीपासून घ्यायची गोळी आहे, जिला प्रेप म्हणतात. अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस केली. आपल्याकडे कोलकाता आणि म्हैसूर इथे वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांसोबत ती वापरून पाहिली गेली, आणि २०२२ मध्ये नॅकोने मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिवाय जोडीदार पॉझिटिव्ह असेल आणि औषधाने त्याच्या रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे गेला असेल, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हेही आता पक्के झाले आहे. त्या संशोधनाच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचणीत आपल्या पुण्याची 'नारी' संस्था होती.

कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यात 'संपूर्ण सुरक्षा केंद्र' ही कल्पना आली. जे निगेटिव्ह आहेत पण धोक्यात आहेत, त्यांच्यासाठी. म्हणजे सुरुवातीला आम्ही जो प्रश्न विचारला, तो धोरणात शिरला आहे. निगेटिव्ह माणसाचीही वही उघडली गेली. पण वही उघडली की पुन्हा तेच, नाव सांगायला कोण येणार? तुरुंगातून नुकता सुटलेला, पोलिसांच्या वहीत आधीच नाव असलेला माणूस दुसऱ्या सरकारी वहीत आपण होऊन नाव घालील का? आपल्या वऱ्हाडी माणसाच्या भाषेत, 'काहून घालील बाप्पा?'

आणि वेळ फार थोडा असतो, हे बाहेरच्या अभ्यासांनी दाखवले आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तीस हजारांहून अधिक सुटलेल्या माणसांचा माग काढला गेला. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या तुलनेत १२ पटींहून जास्त होता, मुख्यतः नशेच्या अतिमात्रेने. टेक्सासमध्ये एआरटी घेत असलेल्या आणि सुटलेल्या दोन हजारांवर बंद्यांचा अभ्यास २००९ मध्ये आला. दहा दिवसांत औषध घ्यायला पोहोचले फक्त ५ टक्के. साठ दिवसांतसुद्धा ३० टक्के. हे ज्यांना रोग आहे आणि ते माहीत आहे त्यांचे प्रमाण. ज्यांना रोग नाही, ते प्रतिबंधासाठी किती जातील, तुम्हीच विचार करा.

यावर तिथे सापडलेला एक उपाय असा. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक दवाखाना सुरू झाला, त्यात तुरुंगातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा भेटतो तो स्वतः तुरुंगात राहून आलेला आरोग्य कार्यकर्ता. डॉक्टर नंतर. सांगली आणि सॅन फ्रान्सिस्को, दोन टोकांची गावे, पण शहाणपण एकच.

आता परत बुलढाण्याला येऊ. इथली अडचण वेगळी आहे, ती नीट पाहिल्याशिवाय परक्या उपायाची नक्कल करून भागणार नाही.

पहिली अडचण तारखेची. शिक्षा भोगून सुटणाऱ्याची तारीख माहीत असते. पण देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमधले साधारण तीन न्यायाधीन आहेत. त्यांची सुटका कोर्ट ठरवते, ती कधी होईल ते त्यांनाही ठाऊक नसते. २०२० च्या कोविडमध्ये तर महाराष्ट्रात हजारो बंदी थोड्याच काळात तात्पुरत्या जामिनावर आणि आपत्कालीन रजेवर बाहेर आले, तेही एसटी आणि रेल्वे बंद असताना. म्हणून 'सुटकेच्या आधी समुपदेशन करू' ही योजना न्यायाधीन बंद्याच्या बाबतीत कागदावरच राहते. त्याच्यासाठी सुटकेची तयारी आत आल्याच्या पहिल्या आठवड्यातच सुरू व्हायला हवी. पिअरची ओळख तेव्हाच व्हायला हवी, म्हणजे फाटक अचानक उघडले तरी एक फोन नंबर आणि एक चेहरा त्याच्या लक्षात असेल.

दुसरी अडचण अंतराची. तेरा तालुक्यांचा जिल्हा. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर, सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर एका टोकाला, लोणार आणि सिंदखेडराजा दुसऱ्या टोकाला. मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यातून मुंबई-कोलकाता हायवे जातो, मेहकरकडून आता समृद्धी महामार्ग. रोजगार बुडवून माणूस तपासणीसाठी बुलढाण्याला येणार नाही. पिअरने त्याला त्याच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात गाठायला हवे, पहिल्या खेपेला सोबत जायला हवे. 'तिथं जा' आणि 'चल, मी येतो' यांत फार फरक आहे.

तिसरी अडचण तोंडाची. लहान गावात पिअर घरी गेला की चर्चा होते. आधीच 'जेलमधून आला' हा शिक्का, त्यावर हा दुसरा. म्हणून पिअर घरी जात नाही. तो स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर भेटतो, बाजाराच्या दिवशी भेटतो, कोर्टाच्या तारखेला आवारात भेटतो. कोर्टाची तारीख हे तर फार चांगले निमित्त. माणूस तपासणीसाठी येत नाही, पण तारखेला येतोच. तारखेच्या दिवशी जिल्हा रुग्णालयात पुन्हा तपासणी, निरोध, गरज असेल तर प्रेपबद्दल चौकशी, हे एकाच खेपेत होऊ शकते. आणि पिअर आधी एचआयव्हीबद्दल बोलतही नाही. तो वकिलाचे विचारतो, काम मिळाले का विचारतो, घरी घेतले का विचारतो. मग त्याला विश्वास वाटला की बाकीचे निघते.

चौथी अडचण सगळ्यात अवघड, आणि ती आपल्या मनातली आहे. अनुभव घेतलेला माणूसच सोबती होऊ शकतो असे आपण म्हणतो, आणि त्याच्यावर पूर्वी गुन्हा होता म्हणून त्याला कारागृहात पाऊल ठेवू द्यायला कचरतो. चारित्र्य पडताळणीच्या कागदावर त्याचे सगळ्यात मोठे क्वालिफिकेशनच त्याच्या विरोधात जाते. सुरक्षेची काळजी खोटी नाही. पण मार्ग निघू शकतो. समुपदेशकासोबत यायचे, ठरलेल्या दिवशी, मुलाखतीच्या जागी. हे अधीक्षकांनी, जिल्हा रुग्णालयाने आणि विधी सेवा प्राधिकरणाने एकत्र बसून ठरवायचे आहे. आणि ठरवताना त्याच्या मानधनाचेही ठरवा. फुकट सेवा म्हणून त्याच्याकडून काम करून घेणे बरोबर नाही. तो पोट भरण्यासाठी जुन्या धंद्याकडे वळला, तर दोष कुणाचा?

कुणी विचारेल, गुन्हा केलेल्या माणसासाठी एवढं कशाला? याला आमची दोन उत्तरं आहेत. एक, न्यायाधीन बंदी म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेला माणूस. दुसरं, तो परत कुठे जातो? त्याच्या बायकोकडे, लेकरांकडे, आपल्याच गावात. त्याला वाचवणं आणि गावाला वाचवणं या दोन गोष्टी नाहीत.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हाला एवढंच सांगायचं आहे. प्लेगपासून आजपर्यंत आपण रोग्यांच्या याद्या केल्या. त्या याद्यांनी कधी जीव वाचवले, कधी डॉमिनिकसारख्यांना कोंडलं. यादी टाकून देता येणार नाही, पण यादीच्या आणि माणसाच्या मध्ये एक माणूस असायला हवा. ज्याला नाव सांगायला भीती वाटत नाही, असा माणूस. सांगलीच्या बायका तशा होत्या. सुटून आल्यावर डॉमिनिक तसा होता.

तो नांदुऱ्याकडचा तरुण अजून एसटी स्टँडवर बसलेला आहे. दिवे लागलेत, शेवटची गाडी गेलीय. त्याच्या खिशात एक नंबर असता, आणि तो लावल्यावर कुणी 'थांब, येतो' म्हणालं असतं, तर आजचं हे व्याख्यान द्यावंच लागलं नसतं.

शंका असेल, स्वतःसाठी किंवा कुणासाठी, तर १०९७ ही नॅकोची मोफत मदतवाहिनी आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि तुमच्यापैकी कुणी स्वतः आत राहून आलेलं असेल, तर आज प्रश्न विचारू नका. आम्हाला थोडं सांगा.